टाकीपासून तीनशे बासष्ट पावलं

हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापायला आला की आमच्या घरात सगळ्यात आधी कॉम्प्युटर झाकावा लागतो. पुनर्वसनाच्या गावातले रस्ते रुंद आणि सरळ आहेत, त्यावरून जायला वाहनं फारशी नाहीत. त्यामुळे लोक धान रस्त्यावरच वाळवतात आणि थ्रेशरही रस्त्यावरच लावतात. त्याचा बारीक, टोचरा भुसा जाळीतून, दाराच्या फटीतून, वाट मिळेल तिथून आत येतो. काल समोरच्या प्लॉटवाल्यांनी थ्रेशर सुरू केलं. मी शाळेतून आले होते, पर्स अजून खांद्यावरच होती, तशीच जाऊन कॅबिनेटवर जुनी चादर टाकली. तीन वर्षांपूर्वी हाच भुसा मी त्याच्या आतून दाढीच्या ब्रशने काढला होता. ब्रश मामाजींचा होता. मामाजी तेव्हा नव्हते.

पोळा होऊन गेलेला असतो आणि दिवाळी यायची असते, त्या मधल्या दिवसांना आमच्याकडे वेगळं नाव नाही. पाऊस संपल्यासारखा असतो, पण चिखल वाळलेला नसतो. ऊन असं पडतं की पाठ भाजते आणि पाय मात्र ओले राहतात. शेतातून कुजक्या पाण्याचा आणि पिकत्या धानाचा असा मिळून एक वास येतो. हा वास चांगला की वाईट, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. जुन्या गावात तो नदीकडून यायचा. इथे कुठूनही येतो.

मामाजी म्हणजे माझे सासरे. प्राथमिक शाळेत गुरुजी होते. धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं, आम्ही या नव्या प्लॉटवर आलो, तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. इथे आल्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर बुडालेल्या गावाचा नकाशा काढायला घेतला. मोजमाप सगळं पावलांत. घर ते शाळा आणि शाळा ते घर असे ते तीस वर्षं पायी गेले होते आणि चालताना पावलं मोजायची त्यांना खोड होती. कोणत्या विहिरीपासून कोणाचा उंबरठा किती पावलांवर, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. नकाशाची सुरुवात पाण्याच्या टाकीपासून केली होती. कारण विचारलं तर म्हणाले, "तेवढीच आता पाण्यावर दिसते. जे दिसते तिथूनच मोजावं लागते."

माझी मुलगी प्राजक्ता नागपूरला नोकरी करते. ती एका सुट्टीत ते सगळे कागद घेऊन गेली, स्कॅन करून, जोडून, एक मोठी फाइल करून आणली आणि आमच्या कॉम्प्युटरवर टाकली. तिने त्यात थर केले होते. पारदर्शक प्लास्टिकचे कागद एकावर एक ठेवावेत तसे. एका थरावर घरं, एकावर रस्ते, एकावर विहिरी आणि झाडं. कशातच न बसणाऱ्या गोष्टींसाठी एक वेगळा थर, त्याचं नाव 'इतर'.

मग लोक यायला लागले. दिवेलागणीच्या सुमारास चार-दोन माणसं आमच्या पुढच्या खोलीत बसायची. मामाजी खुर्चीत, मी कॉम्प्युटरसमोर. माझा नवरा गडचिरोलीकडे नोकरीला, शनिवारी येतो, त्यामुळे टायपिस्ट मीच. कागदावर जे नव्हतं ते सगळं 'इतर'मध्ये जायला लागलं. खळं कुठे होतं. गाय-म्हशी सकाळी गोळा व्हायच्या तो आखर कुठून कुठवर होता. कोणाचा बाप शेतातून येताना कुठे पडला आणि परत उठला नाही. मामाजी ज्याला त्याला विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारायचे, डोळे मिटून बोटांवर पावलं मोजायचे आणि आकडा सांगायचे. मी तो टाइप करायचे. मला हे सगळं थोडं रिकामटेकडं वाटायचं. पण शाळेत मी कारकून आहे. लोक सांगतात ते लिहून घ्यायची सवय आहे.

कॉम्प्युटर प्राजक्ता अकरावीत असताना घेतलेला. दोन जीबी रॅम. फाइल जसजशी फुगत गेली तसतसा तो बसत गेला. फाइल उघडायला चहा होऊन पिऊन व्हायचा. एक टिंब दिलं की पडदा पांढरा, आणि मग ते गोल फिरत राहायचं. मी फोनवर तक्रार केली तर प्राजक्ता म्हणाली, "आई, रॅम वाढव. ओट्यावर जागा नसली की तू कशी ताटं खाली मांडतेस आणि उठबस करतेस, तसं चाललंय त्याचं." मी म्हटलं, बघू. मामाजींचं औषधपाणी, शाळेचं ऑडिट. रॅम पुढे ढकलता येण्यासारखी गोष्ट होती.

काशाबाई आमच्या शेजारच्या प्लॉटवर राहायची. जुन्या गावात तिचं घर एका टोकाला आणि आमचं दुसऱ्या टोकाला. तिकडे पन्नास वर्षांत जो शेजार झाला नसता तो इथे प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि झाला. ऐंशीच्या आसपासची, वाकलेली, जिभेने तिखट. गोल फिरायला लागलं की म्हणायची, "तुमचा डब्बा माह्यापेक्षा म्हातारा हाय, सूनबाई. मी तरी हाक मारली तर ओ देतो."

एका संध्याकाळी, श्रावणात, बाकीचे उठून गेल्यावर ती बसून राहिली.

"गुरुजी, माही चंदा राहिली ना."

चंदा तिची पहिली मुलगी. दीड वर्षाची असताना हगवणीने गेली. लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. ज्या शेतात काशाबाई आणि तिचा नवरा तेव्हा ठेक्याने धान करत होते, त्याच शेतात पुरली होती.

"कोणत्या बांधीत?" मामाजींनी विचारलं. धानाच्या शेतात बांध घालून केलेले तुकडे म्हणजे बांध्या, आणि ते बांध म्हणजे धुरे.

"मोठ्या बांधीच्या धुऱ्यावर. उगवतीच्या कोपऱ्यात. झाड नव्हतं, गोटा ठेवला होता."

मामाजींनी डोळे मिटले. गुडघ्यावर बोटं हलायला लागली. टाकीपासून आखर, आखराच्या पुढे गाडीरस्ता, गाडीरस्त्यावरून पाट. मध्येच ते थांबायचे, काशाबाईला काहीतरी विचारायचे, मागे यायचे, पुन्हा निघायचे. बराच वेळ गेला. लाइट जाऊन आली. मग त्यांनी आकडा सांगितला आणि मी तो टाइप केला.

"लिवलं?" काशाबाईने विचारलं.

"लिहिलं, मावशी."

"मले दाखव."

तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून पडद्यावरच्या टिंबावर ठेवलं. तिने ते बराच वेळ तिथेच ठेवलं. बोट काढलं तेव्हा काचेवर तेलकट ठसा राहिला. दुसऱ्या दिवशी मी तो पुसला.

दर वर्षी हलका धान निघाला की ती पहिल्या लोंब्यांची एक जुडी त्या धुऱ्यावर नेऊन ठेवायची. गाव बुडाल्यावर काठावर उभी राहून पाण्यात टाकायची. "टाकून येतो वो," ती म्हणायची, "पण कुठं लागते का नाही, कोनाले मालूम." तिचा भाचा दिनेश धरणाच्या पाण्यात मासे धरतो, त्याचा डोंगा आहे. त्याने तिला सांगितलं होतं, "आत्या, गुरुजीकडून आकडा आन. टाकीपासून मोजून बरोबर तिथंच नेतो तुले." म्हणून तो आकडा हवा होता. नकाशा पुरा झाला की मामाजी सगळ्यांचे आकडे कागदावर उतरवून देणार होते, त्यात तिचाही.

भाद्रपदात, दुपारी वरणभात खाऊन, मामाजी हात धुवायला उठले नाहीत. मी भांडी घासत होते. बाहेर आले तर हात तसाच ताटात.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचा नकाशा मोठा छापून लावावा असं मला वाटलं. फुलांच्या हारांपेक्षा ते बरं. फ्लेक्सवाल्याला फाइल द्यायची तर ती आधी उघडायला हवी. ती उघडेना. दोनदा कॉम्प्युटर बंद पडला. तिसऱ्या वेळी अर्ध्या तासाने उघडली, तेव्हा मी ती हलकी करायचं ठरवलं. घरं ठेवली, लोक आपापलं घर शोधतील. रस्ते ठेवले. विहिरी, झाडं ठेवली. 'इतर' काढून टाकलं. कोणाची म्हैस कुठे फसली आणि पोरं गोट्या कुठे खेळायची, हे फ्लेक्सवर कशाला. मनात होतं की छापण्यापुरतंच काढतेय. बदल सेव्ह करायचे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. नाव बदललं नाही. गोल फिरायला लागलं. मी कार्यक्रमासाठीचे तांदूळ निवडायला घेतले. परातभर तांदूळ निवडून झाले तेव्हा ते थांबलं. तेवढ्या वेळात मला त्याला थांबवता आलं असतं. थांबवावं असं काही तेव्हा सुचलं नाही.

कार्यक्रमाला लोक नकाशापुढे उभे राहिले. आपलं घर, काकाचं घर, ती चिंच, ही विहीर. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मी पंगतीकडे बघत होते. काशाबाई फ्लेक्सवर बोट फिरवत होती, टाकीपासून उगवतीला, मग परत टाकीकडे.

"माही नाही यात."

"ते कॉम्प्युटरमध्ये आहे, मावशी. डब्बा सुस्त आहे. त्यात रॅम टाकते आणि तुम्हाला आकडा लिहून देते."

"त्यानं का होते?"

"डब्बा पळते."

"मंग टाक ना बाई लवकर. हलका लोंबला."

पुढच्या रविवारी मी कॅबिनेट उघडून रॅमची जुनी पट्टी काढली, कापसात गुंडाळून स्टीलच्या डबीत ठेवली आणि एसटीने भंडाऱ्याला गेले. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली. "मॅडम, हा जमाना गेला. नवीन घेऊन टाका." मी म्हटलं, नवीन नको, हाच चालवायचा आहे. त्याने खालच्या खणातून शोधून दोन पट्ट्या काढल्या आणि समजावून सांगितलं. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासा. खाच बघून बसवा आणि दोन्ही बाजूंचे चाप टक् वाजेपर्यंत दाबा. सोपं होतं. इतकं सोपं होतं की उन्हाळ्यातच करता आलं असतं, मामाजी असताना. परतीच्या बसमध्ये एवढंच मनात येत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळा पडला होता.

पट्ट्या बसवल्या त्या दिवशी काशाबाई समोर पाटावर बसली होती. पदरात लोंब्यांची जुडी. हार्वेस्टर यायच्या आधी तिने दिनेशच्या शेतातून विळ्याने कापून आणली होती. मी कॅबिनेट वर्तमानपत्रावर आडवं केलं. आत भुशाचा थर, कोळ्याची जाळी, एक वाळलेली पाल. मामाजींच्या ब्रशने सगळं झाडलं.

"एवढा भुसा पोटात घेऊन कोन पळन," काशाबाई म्हणाली.

मामाजींच्या पेटीतलं खोडरबर घेऊन सोनेरी दात घासले. पट्टी खाचेत. टक्. दुसरी. टक्. वायर लावली, बटण दाबलं. कॉम्प्युटर कधी नव्हे तो असा उठला की मीच दचकले. फाइलवर क्लिक केलं आणि दहा मोजायच्या आत अख्खं गाव पडद्यावर होतं. घरं, रस्ते, विहिरी, झाडं. बाजूला थरांची यादी. तीन नावं.

मी यादी वर सरकवली, खाली सरकवली. तीनच नावं होती. फाइल बंद करून पुन्हा उघडली. आता तर ती आणखी लवकर उघडली.

"सापडली का?" काशाबाईने विचारलं.

मला त्या संध्याकाळचं सगळं आठवत होतं. लाइट गेलेली. मामाजींची गुडघ्यावर हलणारी बोटं. कपात राहिलेला चहा. मीच टाइप केलेला आकडा मात्र आठवत नव्हता. तीनशेच्या घरातला की चारशेच्या, की त्याहून पुढचा, काहीच नाही. आणि ज्याने तो मोजला होता तो माणूस गेला होता.

"सूनबाई."

"सापडली," मी म्हटलं. "टाकीपासून उगवतीला तीनशे बासष्ट पावलं."

गोल आकडा खोटा वाटतो. हे कारकुनाला शिकवावं लागत नाही.

तिने बोट पुढे केलं. मी ते धरलं आणि काचेवर रिकाम्या जागी ठेवलं.

त्या दिवशी प्राजक्ताला फोन केला. "त्याच नावाने सेव्ह केलंस?" तिने विचारलं. "मग नाही येत आई परत." मग म्हणाली, "जाऊ दे, मुख्य नकाशा तर आहे ना." मी म्हटलं, हो, मुख्य आहे.

मामाजींच्या कागदांत गाव उठायच्या वेळची आमच्या घराची मोजणीची प्रत सापडली. घर, विहीर, फळझाडं, असे रकाने भरलेले. शेवटचा रकाना 'इतर'. त्यापुढे 'निरंक'. मी शाळेच्या तक्त्यांत रोज लिहिते तो शब्द. मोजणीवाल्यांना आम्ही किती शिव्या दिल्या होत्या. त्यांनी ठेवलं होतं तेवढंच मी ठेवलं होतं, आणि गाळलं होतं तेच गाळलं होतं. त्यांच्याकडे निदान वरून आलेला नमुना होता.

दिनेशने आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर मामाजींच्या चालीने वीस पावलं चालून तेवढा दोर कापला. मामाजींची चाल गावात सगळ्यांना ठाऊक होती, लहान पावलांची, ठाम. मी जाळीतून बघत होते. मग पाण्यात, दर दोराला जाळ्याचं एक तरंगतं डबडं टाकत, त्याने टाकीपासून उगवतीला अठरा दोर मोजले आणि वर दोन पावलं. ती दोन पावलंसुद्धा त्याने सोडली नाहीत. काशाबाईने तिथे जुडी सोडली. परत आली तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. माझ्या दारात थांबली.

"लागली वो एकदाची," म्हणाली. "तुह्या डब्ब्यानं."

मग मला राहवेना. सुट्टी टाकून तालुक्याला गेले, जुन्या गावाच्या जमिनीचा नकाशा काढून घेतला. ते शेत सापडलं. साडेसात एकराचा गट. कागदावर गट दिसतो, त्यातल्या बांध्या आणि धुरे दिसत नाहीत. फूटपट्टी घेऊन टाकीपासून मोजलं. तीनशे बासष्ट पावलांवर ते शेत लागतच नाही. तिथे आखर होता. गुरं उभी राहायची ती जागा.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय देणार होते, साडेसात एकर पाणी? पुढच्या वर्षी हलका निघाला. दिनेशने तोच दोर काढला, तीच डबडी टाकली, काशाबाई तिथेच जुडी सोडून आली. त्याच्या पुढच्या वर्षीही. आमचं बोलणं नेहमीचंच. वाटीभर भाजी इकडून तिकडे. ती यायची, कॉम्प्युटरकडे बघायची आणि म्हणायची, "पळते ना आता?" मी म्हणायचे, पळतो. शाळेचे तक्ते, आधारची कामं, शेजाऱ्यांचे फॉर्म, सगळं भराभर होत होतं.

यंदा पोळ्यानंतर काशाबाई पडली. खुब्याचं हाड. नागपूरला नेलं, परत आणलं, पंधरा दिवस खाटेवर. मी रोज जाऊन अंग पुसून द्यायचे. मला ते जमतं, किळस येत नाही. शेवटच्या दिवसांत ती फारसं बोलत नव्हती. एकदा माझं मनगट धरून दिनेशला म्हणाली, "इले इचारजो. इच्यापाशी आकडा हाय."

तिला जाळलं त्याच्या तिसऱ्या दिवशी दिनेश दारात आला. हातात तांब्या, त्यावर लाल कापड बांधलेलं. दाढी वाढलेली. रस्त्यावर धान पसरला होता, तो चुकवत आला होता.

"काकू, आत्याच्या अस्थी चंदापाशीच टाकून राहिलो. तसंच सांगून गेली." मग म्हणाला, "मले पाठ हाय, तरी इचारून घेतो. अठरा दोर अन् दोन पावलं. तीनशे बासष्ट, बरोबर ना?"

समोर थ्रेशर चाललं होतं. एवढ्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. त्याने प्रश्न पुन्हा विचारला असता, आणि मधे मला काही क्षण मिळाले असते. त्या क्षणांत मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. म्हणून ते घेतले नाहीत.

"बरोबर," मी म्हटलं.

तो गेला. दुपारून डोंगा परत आला तेव्हा मी दार लावून कॉम्प्युटरवरची चादर काढली. फाइल उघडली. थरांच्या यादीत नवीन थर घातला आणि त्याला नाव दिलं, इतर. टाकीपासून उगवतीला, आखराच्या जागेवर, एक टिंब ठेवलं. बाजूला लिहिलं, काशाबाई. तीनशे बासष्ट पावलं. तीन वर्षांनी तो आकडा कोणाच्या तरी बाबतीत खरा झाला होता. त्याखाली चंदा एवढं लिहिलं, आणि पुढे लिहायला काही नव्हतं.

बदल सेव्ह करायचे का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. बोट उचलायच्या आत झालं.